रेल्वेनं जाऊ की

ताट भिंतीवर आदळलं, खाली पडलं आणि गरगरत चुलीपाशी जाऊन थांबलं. आमटीचा ओघळ भिंतीवरून हळूहळू उतरत होता. जेवायला बसलेल्यांपैकी कुणीही हललं नाही. महादेवप्पा उठला, मोरीत जाऊन त्यानं हात धुतले आणि पंचाला पुसत म्हणाला, "गाडीनंच जायचं. ठरलं."

चन्नम्मा एवढंच म्हणाली होती, "रेल्वेनं जाऊ की."

तेही त्यानं विचारलं म्हणून. एरवी या घरात तिला कुणी काही विचारत नसे. पण त्या दिवशी महादेवप्पा खुशीत होता. अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना होता, लग्नसराईतला माल उठला होता आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन म्हैसूरला जायचं त्याच्या मनात आलं होतं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्याचं चादरींचं दुकान होतं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग होते. सिद्धेश्वराच्या यात्रेत त्याला मान होता. पेठेतून जाताना म्हातारी माणसंसुद्धा त्याला नमस्कार करत.

धाकटा भाऊ शिवशरण विम्याच्या कचेरीत अधिकारी होता आणि बायकोबरोबर त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होता. त्याचं म्हणणं, विमानानं जावं. मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून विमानात बसलं की दुपारचं जेवण बंगलोरला. आकाशात चहा देतात, खाली ढग दिसतात, असं तो सांगत होता. म्हाताऱ्या अक्कम्माला, म्हणजे दोघांच्या आईला, रेल्वे हवी होती. पाय पसरता येतात, उठून मोरीला जाता येतं. पंधरा वर्षांच्या महानंदानं विमान म्हटलं आणि महादेवप्पा मोठ्यानं हसला, लेकीच्या पाठीवर थाप मारली. मग त्याच हसऱ्या चेहऱ्यानं त्यानं बायकोला विचारलं.

गाडी त्यानं दिवाळीत पुण्याच्या एका डॉक्टरकडून घेतली होती. पांढरी अँबेसिडर. त्यांच्या घराण्यातली पहिली मोटार. दर सोमवारी तो स्वतः तिला धुवायचा, हार घालायचा. भावासमोर बायकोनं त्या गाडीला नको म्हणावं, हे त्याला सहन झालं नाही.

शिवशरणनं ताटातला भात संपवला, मान वर न करता उठला आणि जिना चढून गेला. महानंदा आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. महादेवप्पानं चन्नम्माला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर काही फार ऐकू आलं नाही. तो मारताना बोलत नसे, आणि ती ओरडत नसे.

तो दुकानाकडं गेल्यावर अक्कम्मा वाटीत हळद कालवून आत आली. चन्नम्मा कपाटाला टेकून बसली होती. ओठ फाटला होता, कानातलं एक फूल खाली पडलं होतं. म्हातारीनं तिच्या ओठाला हळद लावली आणि बराच वेळ तिचं तोंड न्याहाळत राहिली.

"मीबी रेल्वेच म्हनले की," ती म्हणाली. "तुझा सासराबी रेल्वेत गप असायचा."

लग्न होऊन सोळा-सतरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत सासूनं पहिल्यांदाच हे तोंडातून काढलं. सासूनं आपल्या मनातलं इतकं बरोबर ओळखलं याची चन्नम्माला लाज वाटली.

कारण तिचा हिशोब साधाच होता. महादेवप्पा चार माणसांत हात उचलत नसे. काही वर्षांमागं हैदराबादला एका लग्नाला ते रेल्वेनं गेले होते. डब्यात समोर एक मास्तर, त्यांची बायको, दारात बसलेला एक फकीर, येणारे-जाणारे. महादेवप्पानं तिला खिडकीची जागा दिली. वाडी जंक्शनला उतरून चहा आणून दिला. सोबतच्या मास्तरांना त्यानं हिच्या हातच्या शेंगापोळीचं कौतुक सांगितलं. रात्री तो वरच्या फळीवर झोपला आणि ती खाली उताणी पडून चाकांचा आवाज ऐकत राहिली. अंगावर कुणाची सावली पडली तरी दचकायचं नाही, असा आयुष्यातला तेवढाच प्रवास तिला आठवत होता.

विमानातही माणसं असतात. पण शिवशरणच्या सांगण्याप्रमाणं विमान तासा-दोन तासांत पोचवतं, आणि तिला तर तेच नको होतं. म्हैसूर तिला बघायचं नव्हतं. तिला जास्तीत जास्त वेळ वाटेत राहायचं होतं.

आणि गाडीत काचा वर केल्या की आतलं बाहेर जात नाही. चालवणारा तो, शेजारी ती. गियर टाकून झाला की त्याचा डावा हात मोकळा.

निघायचा दिवस उजाडला. शिवशरण आणि त्याची बायको दोन दिवसांनी विमानानं येऊन बंगलोरला भेटणार होते. महादेवप्पानं चन्नम्मासाठी नवं इरकल आणलं होतं, तेच नेस म्हणाला. कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, दही, पाण्याचा फिरकीचा तांब्या असं सगळं मागच्या बाजूला चढवलं. मागं आजी आणि नात बसल्या. शेजाऱ्यांनी दारात येऊन निरोप दिला. एका बाईनं तर चन्नम्माला म्हटलंसुद्धा, नशीब काढलंस बाई.

गाव मागं पडेपर्यंत तो खरंच चांगला होता. म्हैसूरच्या राजवाड्याला दसऱ्यात किती दिवे लावतात, वृंदावन बागेत कारंजी कशी नाचतात, हे लेकीला सांगत होता. शीळ घालत होता. विजापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उन्हानं फुटलेली काळी रानं, मधेच एखादी बाभूळ. गाडी चालवायला शिकून त्याला फार दिवस झाले नव्हते, पण वेग मात्र त्याला आवडायचा. मंद्रूपच्या पुढं एका एस.टी.ला ओलांडताना समोरून ट्रक आला आणि गाडी खडीत उतरून पुन्हा वर आली. मागं अक्कम्माच्या तोंडातून देवाचं नाव निघालं.

"जरा हळू चालवा की," चन्नम्मा म्हणाली.

डावा हात आला तो सरळ तिच्या कानशिलावर. तिचं डोकं काचेवर आपटलं. गाडीचा वेग कमी झाला नाही. पुढच्या मैलभरात तो हात आणखी दोनदा आला, एकदा मांडीवर आणि एकदा तोंडावर. ओठाची जखम पुन्हा उघडली. नव्या इरकलच्या पदरानं तिनं रक्त टिपलं. महानंदा खिडकीबाहेर बघत होती आणि तिनं दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली होती.

भीमा नदी जवळ आली तसा रस्ता मेंढरांनी भरला. पुढं धनगर, मागं त्याची बायको, मधे धुळीत मिसळून गेलेला कळप. उन्हाळ्यात रानात पाणी उरत नाही, म्हणून ते नदीकडं निघाले होते. महादेवप्पानं हॉर्न दाबून धरला. मेंढरं बुजली, इकडंतिकडं न होता एकमेकांत घुसली.

"मालक, दमा की जरा," धनगर ओरडून म्हणाला. "मुकं जनावर हाय. हटंल."

महादेवप्पा थांबला नाही. त्यानं गाडी कळपात घातली. मधली मेंढरं पांगली, एक हटलं नाही. चाकाखाली गचका बसला, पुढचा एक दिवा फुटला आणि गाडी आडवी होऊन थांबली.

धनगराचं नाव येडू. साठीच्या पुढचा, काटकुळा माणूस. तो मेंढीपाशी गुडघ्यांवर बसला. तिच्या पोटाखाली हात घालून त्यानं चाचपलं. महादेवप्पा उतरून फुटलेला दिवा बघत होता. येडूनं वर बघितलं आणि म्हणाला, "गाभण हुती, मालक."

त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. भरपाईचं त्यानं काढलंही नाही. तो उठायला लागला आणि उठताना आधाराला त्यानं हात गाडीच्या बॉनेटवर टेकला. पांढऱ्या रंगावर रक्ताचा पंजा उमटला.

महादेवप्पानं त्या पंजाकडं बघितलं. मग दार उघडून सीटखालचं गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल काढलं आणि येडूच्या खांद्यावर घातलं. येडू खाली बसला. दुसरा घाव डोक्यात बसला. पटका असूनही तो आवाज गाडीत ऐकू आला. तिसरा बसायच्या आत येडूची बायको बनाबाई धावत आली आणि नवऱ्याच्या अंगावर पालथी पडली. हँडल तिच्या पाठीत बसलं.

चन्नम्मा गाडीतून हे बघत होती. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की माणसांसमोर हा मारत नाही. इथं तर भर रस्त्यावर, उजेडात, पोटच्या लेकीसमोर, दोन माणसांना तो मारत होता. तिला कळलं की ज्यांच्या नमस्काराला किंमत आहे तेवढ्यांचीच त्याच्या लेखी माणसांत गणती होती. हा धनगर त्यात नव्हता. ती स्वतःही नव्हती.

दार उघडून ती उतरली. हँडल पुन्हा वर गेलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. महादेवप्पानं वळून बघितलं, क्षणभर त्याला समजलंच नाही हे कोण. त्यानं हिसका दिला, तिनं सोडलं नाही. मग त्यानं हँडल तिच्यासकट फिरवून गाडीच्या कडेवर आपटलं. तिचं उजवं मनगट मधे सापडलं. हाड मोडलं. हात आपोआप सुटला. त्यानं हँडल टाकलं, तिच्या अंबाड्याला धरलं आणि तिला खडीवरून फरफटत दारापर्यंत नेलं. केस सुटले, काही त्याच्या मुठीत राहिले.

"गाडीत बस," तो म्हणाला.

"मी येत न्हाई," ती म्हणाली.

त्यानं तिच्या बरगडीत लाथ घातली आणि तेच पुन्हा म्हणाला. ती खडीवर पडून होती. ती उठली नाही. एवढ्यात मागचं दार उघडलं आणि महानंदा पाण्याचा तांब्या घेऊन उतरली. बापाकडं न बघता ती येडूपाशी जाऊन बसली. तिच्या मागून, दाराला धरून, एकेक पाय खाली टेकवत अक्कम्मा उतरली.

"अव्वा, तू बस आत," महादेवप्पा म्हणाला. अक्कम्मा रस्त्याच्या कडेला जाऊन बाभळीला टेकली आणि उन्हात डोळे बारीक करून लेकाकडं बघत राहिली.

नदीच्या बाजूनं धूळ उडाली. एक ट्रक येत होता. महादेवप्पानं ट्रककडं बघितलं, सदरा नीट केला, कपाळावरचा घाम पुसला. मग गाडीत बसून तो विजापूरच्या दिशेनं निघून गेला. ट्रकच्या जवळून जाताना त्यानं वेगही वाढवला नाही.

ट्रक कांद्याचा होता, सोलापूरला चालला होता. ड्रायव्हरनं जास्त चौकशी केली नाही. येडूला पोत्यांवर चढवलं. त्याचं डोकं बनाबाईनं मांडीवर घेतलं. तिची पाठ ओली झाली होती. चोळीवर पसरलेलं रक्त कुणाचं ते कळत नव्हतं. येडूचा भाऊ बराच मागून येत होता, तो कळप सांभाळणार होता. येडू शुद्धीवर होता, बोलत होता. मेलेली मेंढी रस्त्यावरून कडेला ओढली का, एवढंच त्यानं दोनदा विचारलं. बनाबाईनं हो म्हटलं. कुणी ओढली नव्हती. मंद्रूप मागं पडल्यावर त्याला ओकारी झाली, आणि शहर दिसायच्या आत त्याचं बोलणं बंद झालं.

सरकारी दवाखान्यात चन्नम्माच्या हाताला प्लास्टर घातलं. आजी आणि नात घरी गेल्या, ती गेली नाही. येडू ज्या खाटेवर होता त्या वॉर्डाच्या बाहेर, व्हरांड्यात, ती आणि बनाबाई शेजारी शेजारी बसून राहिल्या. बनाबाईनं तिला एकदाच विचारलं, तो तुझा मालक का? चन्नम्मानं मान डोलावली. बनाबाई उठून लांब जाऊन बसेल असं तिला वाटलं होतं. पण बनाबाई तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी येडू गेला. दवाखान्यातल्या पोलिसचौकीतला हवालदार येऊन सांगून गेला, आता जबाब लागतील, फौजदारसाहेब आले की बोलावतो. तेवढ्यात शिवशरण आला. बरोबर अक्कम्मा आणि महानंदा होत्या. इस्त्रीचा शर्ट, पण चेहरा उतरलेला. त्यानं चन्नम्माला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं आणि हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. अण्णा विजापूरला मावशीकडं आहे, जेवलेला नाही, लहान मुलासारखा रडतोय. झालं ते वाईट झालं. पण मेंढरं बुजली, म्हातारा गाडीखाली आला, एवढं सांगितलं तर तो अपघात होतो. धनगरीण बाई काय सांगायचं ते सांगेल, तिचं कोण ऐकतंय? गाडीत बसलेल्या घरच्या बाईचा शब्द महत्त्वाचा.

"आणि हा हात?" चन्नम्मानं विचारलं.

"तुम्ही उतरताना पडलात, वहिनी. महानंदाला आता स्थळं यायला लागतील. बाप खुनी म्हटल्यावर तिला कोण करून घेईल?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे चन्नम्माला माहीत होतं.

"भावजी," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुमी वरच्या माडीवर ऱ्हाता. खाली काय चालतंय ते तुमाला कदी ऐकू आलं न्हाई का?"

शिवशरणनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तो आईकडं वळला आणि म्हणाला, अव्वा, आता तूच सांग हिला.

अक्कम्मा भिंतीला धरून उभी होती. एका रात्रीत ती वाकली होती. "मला इचारलं तर माझे डोळे मिटले होते म्हनून सांगेन मी," ती म्हणाली. "पोटचा हाय माझ्या. पन हिला गप बस म्हनून मी सांगनार न्हाई. लई दिवस सांगितलं."

पुढं खटला उभा राहिला तेव्हा अक्कम्मानं तसंच सांगितलं. शिवशरणनं भावाला मोठा वकील दिला. महादेवप्पाला शिक्षा झाली, वरच्या कोर्टात ती कमी झाली, पण चार वर्षं तो तुरुंगात होता. पेठेतल्या बायकांनी हळदीकुंकवाला चन्नम्माला बोलावणं बंद केलं. तिला नशीबवान म्हणणारी शेजारीण तिला बघून दार लावून घ्यायला लागली. माग शिवशरणकडं गेले. चन्नम्मा टॉवेलच्या एका कारखान्यात कडा शिवायच्या कामाला लागली. उजवं मनगट वाकडंच बसलं होतं, त्यामुळं तिचा हात इतर बायकांपेक्षा सावकाश चाले. महानंदाचं लग्न उशिरा झालं, लांबच्या गावी, साध्या घरात. म्हातारी शेवटपर्यंत चन्नम्माकडंच राहिली. म्हैसूरला कुणीच गेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी शिवशरण निघून गेला आणि हवालदार दारात येऊन म्हणाला, चला बाई, साहेब आलेत.

चन्नम्मा उठली. नेसणीवर धूळ होती, रक्त वाळून काळं झालं होतं. रस्त्यावर सुटलेले केस तसेच पाठीवर होते, खडीचे बारीक कण त्यात अडकले होते. एका हातानं केस गोळा करायचा तिनं प्रयत्न केला. जमलं नाही. तशीच ती निघाली.

"थांब जरा, बाई," मागून बनाबाई म्हणाली.

आत खाटेवर येडूला पांढऱ्या चादरीनं झाकून ठेवलं होतं. बनाबाई व्हरांड्यात पाय दुमडून बसली आणि चन्नम्माला तिनं पुढं बसवलं. तिच्याजवळ फणी नव्हती. तिनं बोटांनीच केस विंचरायला सुरुवात केली. आधी खडे काढले, मग गुंते सोडवले. जिथं केस मुळापासून उपटले होते तिथं तिची बोटं हलकी व्हायची. हवालदार एकदा येऊन बघून गेला. महानंदा खांबाला टेकून उभी होती.

"मोकळ्या केसांनी सायबापुढं जाऊ नगंस," बनाबाई म्हणाली. "येडी समजत्याल. मंग सांगितल्यालं खरं धरत न्हाईत."

तिनं केसांना पीळ दिला, अंबाडा वळला आणि तो बांधायला काही नाही म्हणून आपल्या लुगड्याची दशी दातानं तोडून घट्ट गुंडाळली. दोन्ही तळव्यांनी एकदा दाबून बघितलं. मग तिला उठवायला हात दिला, आणि दोघी चौकीकडं चालायला लागल्या.